पिकअपचा ‘पिकअप’ : मागच्या आसातील दात्यांचा जमाखर्च

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बीरगांव वसलेले आहे. शेजारी उरला आणि त्याच्या पुढे सिलतरा ही दोन मोठी औद्योगिक क्षेत्रे. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल्स आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले असंख्य लहानमोठे कारखाने यांमुळे या परिसरात मालवाहतुकीची वर्दळ अहोरात्र चालू असते. अवजड माल मोठ्या ट्रकांतून आणि ट्रेलरमधून जातो हे खरे. परंतु सळ्यांचे लहान गठ्ठे, वेल्डिंगचे साहित्य, सिमेंटची पोती, यंत्रांचे सुटे भाग आणि पहाटेचा भाजीपाला वाहून नेण्याचे काम पिकअप गाडीच करते. अशी गाडी अनेकदा बँकेच्या कर्जावर घेतलेली असते आणि मालक हाच तिचा चालकही असतो. गाडी चालली तर हप्ता निघतो, घरही चालते.

अशा मालकाच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गाडीत पिकअप नाही.’ मराठीत ‘पिकअप’ हा शब्द गाडीच्या प्रकाराला जसा रूढ झाला आहे, तसाच तिच्या एका गुणालाही. ॲक्सिलरेटर दाबताच गाडीने जोमाने वेग घ्यावा, या गुणाला गॅरेजच्या भाषेत पिकअप म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तो प्रवेग. भरलेली गाडी चौकातून हलताना रेंगाळू लागली, चढावर धापा टाकू लागली, की मालक गॅरेज गाठतो आणि तेथे त्याला कधी कधी एक उपाय सुचवला जातो : मागच्या आसातील क्राउन-पिनियन बदला. हा उपाय नेमका काय आहे, तो काय देतो आणि त्याबदल्यात काय घेतो, हे समजून घेणे वाहनमालकाच्या हिताचे आहे.

एकच गाडी, दोन रस्ते

बीरगांवची भूमिका या प्रश्नाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. येथून निघालेला माल दोन फार निराळ्या वाटांनी जातो. पश्चिमेची वाट दुर्ग, राजनांदगाव, साकोली आणि भंडारा या मार्गाने नागपूरला पोहोचते. १९५६ पर्यंत छत्तीसगडचा हा भाग ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे दोन्ही शहरांमधील व्यापारी आणि कौटुंबिक येजा जुनी आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आता ५३ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता बहुतांशी सपाट आहे. दुसरी वाट दक्षिणेला धमतरी, कांकेर, कोंडागाव या मार्गाने जगदलपूरला जाते. या वाटेवर कांकेर सोडल्यावर केशकालचा नागमोडी घाट लागतो आणि तो चढल्याखेरीज बस्तरच्या पठारावर पोहोचता येत नाही.

नागपूरच्या वाटेवर गाडीने कमी फेऱ्यांच्या इंजिनावर शांतपणे तासन् तास धावावे, डिझेल वाचवावे, अशी अपेक्षा असते. केशकालच्या घाटात तिने भार ओढावा, अशी अपेक्षा असते. एकाच इंजिनाकडून या दोन परस्परविरोधी अपेक्षा पूर्ण करण्याची तडजोड जेथे होते, ती जागा म्हणजे मागच्या आसाच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा, म्हणजेच डिफरन्शियल.

अकरा दाते की नऊ?

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून लांब फिरत्या दांड्याने मागे येते. या दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. पिनियन एका मोठ्या, ताटासारख्या दंतचक्राला फिरवते, ते क्राउन. क्राउनबरोबर चाके फिरतात. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की जे येते, ते आसाचे गुणोत्तर.

उदाहरणादाखल, क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर गुणोत्तर ३.७३ येते. याचा अर्थ, दांडा ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. पिनियन १० दात्यांचे केले तर गुणोत्तर ४.१० होते आणि ९ दात्यांचे केले तर ४.५६. आकडा जितका मोठा, तितकी चाकावरची ओढ अधिक आणि तितकीच चाकाची गती कमी. सायकलचे मागचे दंतचक्र मोठे केले तर चढ सोपा होतो, पण सपाटीवर पाय अधिक वेळा मारावे लागतात. त्यातलाच हा प्रकार.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाते बदलल्याने इंजिनाची शक्ती कणभरही वाढत नाही. ज्या इंजिनात मुळात दम नाही, त्याला कोणतेही दंतचक्र दम देऊ शकत नाही; आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दंतचक्र फक्त आहे त्या शक्तीची वाटणी बदलते : वेगाच्या खात्यातून काढून ओढीच्या खात्यात जमा करते.

इतिहासातील तीन दाखले

ही वाटणी मोटार उद्योगाने प्रारंभापासून जाणीवपूर्वक केलेली आहे. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध मॉडेल टी मोटार सुमारे २० अश्वशक्तीची होती आणि तिच्या मागच्या आसाचे गुणोत्तर ३.६४ होते. १९१७ साली कंपनीने त्याच इंजिनावर एक टन माल वाहणारी मॉडेल टीटी ही मालगाडी काढली. इंजिन तेच राहिले. चौकट आणि मागचा आस मात्र बदलला. या आसाचे नेहमीचे गुणोत्तर ७.२५ होते, म्हणजे मोटारीच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांना थोडा अधिक वेग हवा असे, त्यांच्यासाठी ५.१७ चा पर्याय होता. ७.२५ च्या गाडीसाठी शिफारस केलेला वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर होता, ५.१७ च्या गाडीसाठी तो २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर होता. ओढ हवी की वेग, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे होते.

दुसरा दाखला महाराष्ट्राच्या अधिक जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या आसाचे गुणोत्तर ४.८८ होते. १९४५ साली युद्ध संपताच याच जीपची नागरी आवृत्ती सीजे-२ए बाजारात आली. तिचे काम आता शेतात नांगर ओढणे आणि ट्रेलर वाहणे हे होते. म्हणून आसात ८ दात्यांच्या पिनियनबरोबर ४३ दात्यांचे क्राउन बसवून गुणोत्तर ५.३८ केले गेले. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी आणि नंतर निर्मिती सुरू केली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून दशकानुदशके धावलेल्या जीप याच घराण्यातल्या. जुन्या जीपला पहिल्या गिअरमध्ये कितीही भार चालतो, पण हमरस्त्यावर ती घाईला येत नाही, हा अनेकांचा अनुभव असतो. त्याचे एक कारण या दात्यांच्या संख्येत आहे.

तिसरा दाखला मे २००५ मध्ये पुण्याहून बाजारात आलेल्या टाटा एसचा. लोकांनी ‘छोटा हाथी’ असे नाव दिलेल्या या गाडीचे इंजिन दोन सिलिंडरांचे, ७०२ घनसेंटिमीटरचे आणि अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते. तरीही पाऊण टन माल वाहण्यासाठी ती घडवली होती. एवढ्याशा इंजिनाला एवढा माल ओढता येतो, तो गिअरबॉक्स आणि आस यांच्या दात्यांच्या गुणाकारामुळे.

घाटातले गणित

आता एका काल्पनिक पिकअपचा हिशेब मांडून पाहू. मालासह तिचे एकूण वजन २,९०० किलो, इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर, तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४, चाकाची त्रिज्या ३३.४ सेंटिमीटर आणि दंतचक्रांतील घर्षणात जाणारी शक्ती १० टक्के धरू. आसाचे गुणोत्तर ३.७३ असताना तिसऱ्या गिअरमध्ये चाकावर सुमारे २८७ किलोची ओढ मिळते. गुणोत्तर ४.५६ केले, तर तीच ओढ सुमारे ३५० किलो होते. वाढ २२ टक्क्यांची.

ही गाडी १५ मीटरला १ मीटर चढणाऱ्या घाटात आहे असे समजा. चढामुळे तिला सुमारे १९३ किलोचा विरोध होतो आणि टायरांच्या घर्षणाचा सुमारे ४४ किलोचा, एकूण २३७. म्हणजे जुन्या गुणोत्तरावर वेग वाढवण्यासाठी हाती उरतात फक्त ५० किलो. नव्या गुणोत्तरावर उरतात ११३. ओढ २२ टक्क्यांनीच वाढली, परंतु शिल्लक दुपटीहून अधिक झाली. सपाट रस्त्यावर वाऱ्याचा विरोध सोडला तर हीच शिल्लक २४३ वरून ३०६ किलोवर जाते. वाढ केवळ २६ टक्के. दाते बदललेली गाडी घाटात एकदम निराळी वाटते आणि सपाटीवर तेवढी वाटत नाही, त्याचे मर्म येथे आहे. हा हिशेब संसारातल्या हिशेबासारखाच आहे : मिळकत थोडी वाढली तरी, ज्याचा खर्च मिळकतीच्या जवळ पोहोचलेला असतो, त्याची बचत कितीतरी पटींनी वाढते.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. जुन्याच गाडीत चालकाने तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाकला असता, तर त्याला याहून अधिक ओढ मिळाली असती, तीही एक पैसा खर्च न करता. तेव्हा आस बदलण्याला अर्थ येतो तो गिअरांच्या मधली जागा अडचणीची असेल तेव्हाच : तिसऱ्यात गाडी गुदमरते आणि दुसऱ्यात इंजिन किंचाळते, असे रोजच्या वाटेवर वारंवार होत असेल तर.

वजाबाकीचे रकाने

जे मिळाले त्याची किंमत सपाट रस्त्यावर चुकवावी लागते. चाकाचा घेर २.१ मीटर आणि वरचा गिअर थेट, म्हणजे एकास एक धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगासाठी इंजिनाला ३.७३ गुणोत्तरावर मिनिटाला सुमारे १,७७५ फेरे घ्यावे लागतात, ४.५६ वर ते सुमारे २,१७० होतात. नागपूरपर्यंतच्या संपूर्ण वाटेवर इंजिनाने हे जादा फेरे घ्यायचे आहेत. आवाज वाढतो, झीज वाढते आणि मोकळ्या रस्त्यावर डिझेलही अधिक लागते. घाट उतरताना इंजिनाचा रोध अधिक मिळतो, हा एक फायदा अवश्य आहे. ब्रेकवरचा ताण त्यामुळे हलका होतो.

डिझेलचा हिशेब असा मांडता येईल. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर २५० लिटर डिझेल लागते. हे प्रमाण ११ वर आले, तर लागतात २७३ लिटर. वर्षाचा फरक सुमारे २७० लिटरांचा. या आकड्याला चालू दराने गुणले, त्यात क्राउन-पिनियनचा, बेअरिंगांचा आणि मजुरीचा खर्च मिळवला, की उपायाची खरी किंमत समोर येते. ती भरून निघण्यासाठी घाटातल्या किती फेऱ्या वाढतील, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारला पाहिजे.

या हिशेबात एक फसवा खड्डा आहे. ज्या गाड्यांत स्पीडोमीटरला गती गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून मिळते, त्यांत आसाचे दाते बदलताच काटा खोटे सांगू लागतो. ३.७३ चे ४.५६ केले आणि स्पीडोमीटरची जुळणी केली नाही, तर गाडी प्रत्यक्षात ६० च्या वेगाने धावत असताना काटा ७३ दाखवतो. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात फुगते. लिटरला १२ वरून ११ वर घसरलेली गाडी नोंदीवरून मात्र १३.४ देत आहे असे दिसते, आणि मालक तोटा होत असताना नफा झाल्याच्या आनंदात राहतो.

आधी हे तपासावे

पिकअप गेल्याचे कारण पुष्कळदा दात्यांत नसतेच. घसरणारी क्लचप्लेट, कोंदलेला एअर फिल्टर, टर्बोच्या नळीची गळती, खराब इंजेक्टर, न सुटणारे ब्रेक किंवा टायरांतील कमी हवा, यांपैकी काहीही गाडीला आळशी बनवू शकते. सर्वांत मोठे कारण म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा वजन ओढण्यासाठी आस बदलणे म्हणजे दंडाची आणि अपघाताची तयारी स्वखर्चाने करणे होय. कारण ओढ वाढली तरी ब्रेक, पाटे आणि टायर जुनेच राहतात.

टायरांचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. काही मालक गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर बसवतात. टायरांचा व्यास १० टक्क्यांनी वाढला, की ३.७३ चा आस ३.३९ असल्यासारखा वागू लागतो आणि गाडीची चपळाई जाते. अशा गाडीत ११ ऐवजी १० दात्यांचे पिनियन, म्हणजे ४.१० चे गुणोत्तर बसवले, तर ती नेमकी पूर्वपदावर येते. पण मूळ मापाचे टायर परत बसवल्यानेही तेच साधते आणि तो मार्ग स्वस्तही आहे, निर्धोकही.

काम कोणाचे?

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. म्हणून ती नेहमी जोडीनेच बदलावी लागतात. एकाचे जुने आणि दुसऱ्याचे नवे असे चालत नाही. पिनियन किती आत बसावे हे पातळ चकत्या घालून ठरवतात, बेअरिंगांवरचा ताण मोजतात आणि दोन्ही चक्रांच्या दात्यांमधली फट डायल गेजने तपासतात. ही फट मिलिमीटरच्या अंशांत असते. मग दात्यांना रंगाचा लेप लावून, ते एकमेकांना मधोमध टेकतात की कडेला, हे पाहतात. येथे चूक झाली तर आस रडू लागतो आणि काही महिन्यांत दाते तुटतात. नव्या जोडीला पहिले काही शे किलोमीटर हलक्या भारावर चालवून, तेल बदलून, मगच पूर्ण कामाला लावायचे असते. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही आस एकदमच बदलावे लागतात. केवळ हातोडी आणि अंदाज यांवर चालणाऱ्या ठिकाणी हे काम देऊ नये.

कायदा, विमा आणि बँक

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम ठामपणे मांडला. २०१९ च्या दुरुस्तीने, कायद्यात परवानगी नसलेल्या फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. आसाचे गुणोत्तर सहसा नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेले नसते. पण याचा अर्थ कोणताही बदल मोकळा आहे असा नव्हे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज-६ गाड्यांचे इंजिन संगणकावर चालते आणि त्यांच्या धुराचे प्रमाणीकरण ठरावीक रचनेवर झालेले असते. म्हणून निर्मात्याच्या अधिकृत सेवाकेंद्राचा लेखी सल्ला आणि परिवहन कार्यालयाकडे विचारणा, या दोन पायऱ्या टाळू नयेत.

कर्जाची गाडी बँकेकडे तारण असते आणि तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. गाडीच्या मूळ रचनेतील बदल बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवणे हे मालकाच्याच हिताचे आहे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी न कळवलेला बदल उघडकीस आला, तर दावा अडू शकतो. हप्ता मात्र अडत नाही.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, दात्यांचा विचार करण्याची खरी वेळ गाडी घेतानाची आहे. निर्माते अनेक मालवाहू गाड्या वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या आसांसह देतात आणि तो आकडा माहितीपत्रकात तांत्रिक तपशिलांत दिलेला असतो. ग्राहक रंग पाहतो, हप्ता विचारतो; तो आकडा मात्र क्वचितच पाहतो. ८ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतून, किंवा अन्य वाहनकर्जातून, गाडी घेणाऱ्या ग्राहकाने दोन गाड्यांच्या किमतींबरोबर त्यांच्या आसांची गुणोत्तरेही शेजारी शेजारी लिहावीत आणि आपल्या महिन्याच्या फेऱ्यांपैकी किती घाटाच्या आणि किती सपाटीच्या, याचा अंदाज मांडावा. कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही वाहनाच्या वापराविषयी विचारताना हा एक प्रश्न जोडायला हरकत नाही. ज्याच्या दहापैकी आठ फेऱ्या नागपूरच्या वाटेवर आहेत, त्याला लहान आकड्याचा आस परवडेल आणि घाटात तो एक गिअर खाली घेऊन चढेल. ज्याला रोज बस्तरचा माल चढवायचा आहे, त्याने पहिल्याच दिवशी मोठा आकडा मागून घ्यावा.